थेरड्याला काटे

ओमिया, १२ एप्रिल १९८४

प्रिय किनुएताई,

चेरीचा बहर ओसरून कोवळी पालवी डोळ्यांना सुखावू लागली आहे. तिकडे शिकोकू बेटावर किनाशीतही हवा अशीच प्रसन्न असेल आणि तुझी प्रकृती उत्तम असेल, अशी आशा करतो.

मोरिवाकीचा ट्रक आज सकाळी निघाला. बाबांचं जुनिपरचं बोन्साय मी स्वतः गादीत गुंडाळून, कुंडीला चारी बाजूंनी दोर बांधून चढवलंय. पोचलं की आधी थोडे दिवस सावलीत ठेव, वारा लागू देऊ नकोस. तुला हे सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता मुद्द्याचं. या खेपेला मी त्याच्यात जीव ओतलाय. पूर्ण हिवाळा तार लावत बसलो होतो. जाड फांदीपासून पार शेवटच्या डहाळीपर्यंत, एकही टोक मोकळं सोडलेलं नाही. सुमिए म्हणाली, "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्याकडे कधी एवढा वेळ बघितलं नाहीत." खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर आहे. टोकियोच्या फेब्रुवारीतल्या मोठ्या प्रदर्शनाच्या निवड समितीतले एक गृहस्थ येऊन झाड बघून गेले. बराच वेळ समोर बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नसते.

तेव्हा तुला एक विनंती आहे. "एक वर्ष किनुएकडे, एक वर्ष तामेओकडे," असं बाबा जाताना म्हणाले होते. मी ते पाळतो, म्हणून तर झाड पाठवतोय. पण एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने सोडायचं, असं काही बाबा म्हणाले नव्हते. आणि आपण तर इतकी वर्षं तेवढंच करतोय. मी फांदी वर नेतो, तू खाली ओढतेस. मी तोंड इकडे करतो, तू तिकडे करतेस. या वर्षी तेवढं करू नकोस. तारा निदान शरद ऋतूपर्यंत राहू देत, फांद्यांना वळण धरू दे. आणि खोडावरचा वाळलेला पांढरा पट्टा दिसतो ती पुढची बाजू आहे. ती पुढेच ठेव.

बाबांच्या तिसऱ्या स्मरणदिनाला जे झालं ते झालं. भिक्षू मंत्र म्हणत असताना आपण दोघांनी झाड असं आळीपाळीने फिरवायला नको होतं. पण सुरुवात तू केली होतीस.

तुझा धाकटा भाऊ,
तामेओ


किनाशी, ९ मे १९८४

ताम्या,

पुन्हा चेरीचा बहर आणि कोवळी पालवी लिहिलीस तर पत्र न उघडता परत पाठवीन. सख्ख्या बहिणीला लिहितोस की नगराध्यक्षाला?

झाड सुखरूप पोचलं. मोरिवाकीही पोचला आणि वाडग्यावर वाडगे उदोन शेवया रिचवून गेला. त्याला विचारलं, "आमचा ताम्या आता कसा दिसतो हो?" म्हणाला, "झाडापेक्षा जास्त वाकलाय." त्याला आणखी एक वाडगा वाढला.

तुझ्या तारा मी काढल्या. बस खाली, घोटभर चहा घे आणि मग पुढचं वाच.

काढल्या म्हणजे कापून काढल्या, बाबांनी शिकवलं तसं, सालीला धक्का न लावता. पण काय रे ते बांधकाम! प्रत्येक डहाळीला तार? त्या बिचाऱ्याला श्वास तरी घेता येत होता का? आणि मागच्या बाजूला दोन तारा चक्क एकमेकींवर चढलेल्या सापडल्या. ओमियाच्या मास्तरांच्या हातून! मी मोरिवाकीला बोलावून दाखवल्या. तो बापडा कुंड्या वाहणारा माणूस, पण त्यालासुद्धा लाज वाटली.

मी फक्त मोठ्या फांद्यांना तार लावली आहे. पेंढ्याच्या जाळात भाजलेली तांब्याचीच, बाबा वापरायचे तशी. खालची डावी फांदी पुन्हा खाली आणली. म्हाताऱ्या झाडाच्या फांद्या खालीच येतात. एवढी वर्षं बर्फ झेललेलं झाड ते, तू त्याला उडायला निघाल्यासारखं उभं केलं होतंस. पाला दाट झाला होता तो विरळ केला. तोंडही फिरवलं. तो पांढरा पट्टा म्हणजे त्याचं हाड आहे. घरी पाहुणा आला की कोणी सदरा वर करून बरगड्या दाखवतं का?

आणि मोरिवाकी सांगत होता, तू त्याला 'उडता मेघ' म्हणतोस, ते बंद कर. बाबांनी इशिझुची डोंगराच्या कड्यावर दोराला लटकून ते झाड काढलं आणि घरी आणलं, तेव्हा आई म्हणाली होती, "हा कुठला थेरडा उचलून आणलात?" तेच त्याचं नाव आहे.

तुझ्या तारेचे तुकडे वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. तुझा माल तुझ्याकडे बरा.

येतोस का कधी इकडे? नाहीच येणार म्हणा. झाड येतंजातं, त्यातच आम्ही समाधान मानायचं.

किनुए


ओमिया, ६ जून १९८४

ताई,

या वेळी ऋतूबद्दल काही लिहीत नाही. खूश?

तुझं पार्सल आलं. सुमिएला वाटलं, तू वाळवलेले मासे पाठवलेस. तिने हौसेने भात टाकला आणि मग डबा उघडला. अख्ख्या हिवाळ्याची माझी मेहनत त्यात तुकडे होऊन पडली होती. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धवटच जेवलो.

मी तुझं काय घोडं मारलंय, ते एकदा सांग. आणि तारांवर तारा चढल्या होत्या म्हणतेस, त्या ट्रकच्या हादऱ्याने सरकल्या असतील. मी बांधताना तशा नव्हत्या. मोरिवाकीला दाखवायची काय गरज होती? तो ओमियात दारोदार कुंड्या पोचवतो. आता इथली गल्लीतली पोरंसुद्धा मला हसतील.

अजूनही वेळ गेलेली नाही. झाडाचं तोंड तेवढं मी ठरवलेल्या बाजूला कर, तारा मी हिवाळ्यात येऊन नव्याने लावीन. म्हणजे येईन असं नाही. झाड इकडे मागवून लावीन.

एक सहज विचारतो. नव्या फुटव्यात कुठे काटेरी पाला दिसतोय का? बहुतेक नसेलच. दिसलाच तर खुडून टाक आणि त्याचा फार विचार करू नकोस.

तामेओ


किनाशी, १७ जुलै १९८४

ताम्या,

उकाडा मी म्हणतोय. सकाळ-संध्याकाळ पाणी घालून कंबर मोडली. थेरडा बरा आहे.

काट्यांचं तुला का विचारावंसं वाटलं? मी तर पत्रात तसलं काही लिहिलं नव्हतं. तू लहानपणी 'सहज' म्हणून काही विचारायचास, तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असायचं. आईची बरणी आठवते का? "आई, सहज विचारतो, आपल्याकडे डिंक आहे का?"

तू मात्र प्रदर्शनाचा नाद सोड. येत्या फेब्रुवारीत ते जमणार नाही. कारण विचारू नकोस. माझ्या अंगणात पंचाइती करायला येऊ नकोस, एवढंच म्हणते.

शोदो बेटावरच्या सोमेन शेवयांची एक पेटी पाठवली आहे. सुमिएला म्हणावं, बर्फाच्या पाण्यात घालून खा. मासे नाहीत त्यात, तारही नाही.

किनुए


ओमिया, २ ऑगस्ट १९८४

ताई,

आता मात्र हद्द झाली. 'जमणार नाही' आणि 'कारण विचारू नकोस'! झाड बरं आहे असं तूच वरती लिहितेस. मग कारण उरतं ते एकच. माझं नाव झालेलं तुला बघवत नाही.

बाबांनी मला ओमियाला शिकायला धाडलं आणि तुला किनाशीत काळ्या पाइनच्या वाफ्यांत ठेवलं, त्याचा राग तू इतकी वर्षं त्या झाडावर काढते आहेस. हे मला कधीचं म्हणायचं होतं. आज म्हणून टाकलं.

ऑक्टोबरात मोरिवाकी रिकामा ट्रक घेऊन येईल. झाड त्याच्या ताब्यात दे. वर्ष पुरं झालेलं नाही हे मला माहीत आहे. बाबा असते तर त्यांनी मला परवानगी दिली असती.

सोमेन मिळालं. सुमिए तुझे आभार मानते आहे. मी मानत नाही, पण खाल्लं. चांगलं होतं.

तामेओ


किनाशी, २५ ऑगस्ट १९८४

ताम्या,

तुझं पत्र वाचून मी सरळ उठून पाइनच्या वाफ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत तण उपटत बसले. हो, आला होता राग. तू टोकियोकडे निघालास तेव्हा नवे बूट घालून निघालास, आणि मी चिखलात उभी राहून हात हलवत होते. पण तो राग मी तुझ्यावर काढला, झाडावर नाही. निदान असं मला वाटत होतं. आता नीट ऐक.

थेरड्याला काटे फुटलेत. खालच्या डाव्या फांदीपासून पार शेंड्यापर्यंत. सबंध जन्म ज्याचा पाला मऊ, दोरीसारखा, हात फिरवावा असा होता, त्याला हात लावला की टोचतो. जुनिपर कधी असं करतं, ते मी तुला काय सांगायचं? फार छळलं, फार कापलं, फार वाकवलं, की ते घाबरून पुन्हा रोपासारखं होतं आणि काटे काढतं. बाबांच्या हाताखाली त्याने एकदाही काटा काढला नव्हता. शेंड्याजवळची एक फांदी पिवळी पडली आहे.

जूनमध्ये काटे दिसले तेव्हा मला वाटलं, हे माझ्याच हातून झालं, म्हणून मी गप्प बसले. मग तुझं ते 'सहज' आलं. परवा मोरिवाकी कुंड्या घेऊन आला होता, त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "ट्रकमध्ये चढवायच्या दिवशी तामेओमास्तर चिमट्याने झाडाचं काहीतरी वेचत होते. मला वाटलं, किडे असतील." म्हणजे तुझ्याकडे असतानाच काटे फुटले होते. तू ते खुडून, चेहरा साफ करून पाठवलास. आणि मी त्याच थकलेल्या जिवाला पुन्हा बांधला, पुन्हा पाला काढला.

आपण दोघं मिळून त्याच्या जिवावर उठलो, ताम्या. मला भीती वाटते. बाबांचं म्हणावं असं एवढंच उरलंय, आणि ते मरेल की काय असं रोज सकाळी वाटतं. तो कठड्यापाशी दिसला की मग मी चूल पेटवते.

झाड ट्रकमध्ये चढणार नाही. ऑक्टोबरात नाही आणि पुढच्या वसंतातही नाही. काटे जाऊन मऊ पाला पुन्हा येईपर्यंत ते इथून हलणार नाही. तार नाही, कात्री नाही, फिरवणं नाही. ऊन, पाणी, मोहरीची पेंड, बस्स. माझ्या तारा मी सगळ्या काढल्या. पक्कड शेजारच्या घरी ठेवायला दिली आहे, कारण माझेही हात शिवशिवतात.

किनुए


ओमिया, ४ सप्टेंबर १९८४

ताई,

खुडले. बरं मग? चार काटे होते. पाहुण्याकडे पाठवताना पोराचं नाक पुसतो, तसं पुसलं.

झाड मरेल वगैरे तू उगाच मनात आणते आहेस. तुला पहिल्यापासून राईचा पर्वत करायची सवय आहे. जुनिपर इतक्या सहजासहजी मरत नाही. पिवळी फांदी नेमकी कुठली? आतून पिवळी आहे की टोकाकडून? साल खरवडून बघितलीस का? नको, खरवडू नकोस. काहीच करू नकोस.

पत्रातून काही कळत नाही. मी स्वतः येतो आहे. २२ तारखेला, शनिवारी, दुपारच्या बोटीने ऊनो बंदरातून निघेन. झाड बघेन, काय ते ठरवेन आणि परत येईन. मी केवळ झाडासाठी येतो आहे, एवढं लक्षात असू दे.

तामेओ


किनाशी, ८ सप्टेंबर १९८४

ये.

तार, पक्कड, कात्री, चिमटा काहीही आणू नकोस. धक्क्यावर पिशवी उघडून बघितली जाईल.

किनुए


ओमिया, ३० सप्टेंबर १९८४

ताई,

मी सुखरूप पोचलो. बोटीच्या डेकवर वाऱ्यात उभं राहून उदोन खाल्लं. तुझ्याइतकं चांगलं नव्हतं. हे मोरिवाकीला सांगितलंस तरी चालेल.

तिकडे आलो त्या दिवशी मी धक्क्यावर उतरलो, तेव्हा तुला ओळखलंच नाही. कोणा म्हातारीकडे बसची चौकशी करावी म्हणून पुढे गेलो, तर ती म्हणाली, "पिशवी उघड." तू इतकी म्हातारी कधी झालीस? मला कोणी कळवलं कसं नाही? परतीच्या गाडीत मी सारखा तोच विचार करत होतो. झाड वर्षाआड वसंतात येत होतं, त्याची एकेक डहाळी मला पाठ होती, आणि तू मात्र माझ्या डोक्यात अजून तिसऱ्या स्मरणदिनाचीच होतीस, काळ्या केसांची.

त्या दोन दिवसांत आपण थेरड्यासमोर बसून काहीही केलं नाही. आयुष्यात मी इतका कधी थकलो नव्हतो. तू हात बाह्यांत खुपसून बसली होतीस, मी मांडीखाली. मी नुसता पुढे वाकलो की तू खाकरायचीस. पिवळी फांदी वाचायची नाही हे आपल्या दोघांनाही कळलं. पण बाकीचं झाड जगेल असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, जगायला हवं.

प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. समितीचे ते गृहस्थ म्हणाले, "मग पुढच्या वर्षी?" मी म्हणालो, "त्याला विचारून सांगतो." सुमिएला वाटतं, माझं डोकं फिरलंय. मात्र ती खुशीत आहे.

थंडीत मुळांची काळजी घ्यावी लागेल. नव्या वर्षाला येऊन एकदा बघून जाईन.

तामेओ


किनाशी, २१ मे १९८५

ताम्या,

तू मागच्या खेपेला दुरुस्त केलेलं शेडचं छप्पर आता दोन ठिकाणी गळतं. आधी एकाच ठिकाणी गळत होतं. ओमियात छपरं कोण दुरुस्त करतं?

शेंड्याजवळची फांदी वाळून गेली. मी कापली नाही, तशीच ठेवली. रडले थोडी. मग पेंड घातली. बाकीच्या फांद्या जोरात आहेत. काटे आहेत, पण काट्यांच्या पुढे कुठे कुठे मऊ पाला डोकावतोय. मोजायला गेले नाही, दृष्ट लागते.

मात्र ध्यान असं दिसतंय की विचारू नकोस. सगळीकडून झिपऱ्या वाढल्या आहेत. काल एक गिऱ्हाईक आलं होतं, म्हणालं, "हे कुंपणाचं झाड विकायला आहे का?" तू असतास तर जागीच आडवा झाला असतास. मी सांगितलं, "विकायला नाही, माहेरपणाला आलंय."

ओबोनला, पितरांच्या सणाला, दोघंही या. सुमिएला उन्हाची टोपी आणायला सांग. आणि शिडी मी आणून ठेवते.

किनुए


ओमिया, २ एप्रिल १९८६

प्रिय ताई,

चेरीचा बहर... नाही, नाही, थांबलो.

मोरिवाकी विचारत होता, या वसंतात झाड न्यायचं का? त्याला ट्रकची जुळवाजुळव करावी लागते. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, हा बाबांचा शब्द. माझ्या वाट्याचं वर्ष तुझ्याकडेच गेलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काटे पूर्ण गेले असले, पाला मऊ झाला असला, तर रीतीप्रमाणे झाड आता इकडे यायला हवं. मग मलाही दर ऋतूला गाडी आणि बोट करत तिकडे पळावं लागणार नाही. माझंही वय झालं. मोरिवाकीने तुला सांगितलंच असेल.

तेव्हा बघून कळव. काटे आहेत की गेले?

तामेओ


किनाशी, ७ एप्रिल १९८६

ताम्या,

काटे आहेत. भरपूर आहेत. कालच पाणी घालताना बोटात गेला, अजून ठसठसतंय. पत्राचं अक्षर वेडंवाकडं आलंय, ते त्यामुळेच.

खालच्या बाजूला आहेत, वरच्या बाजूला आहेत. मागच्या बाजूला तर विचारूच नकोस. मला वाटतं, पुन्हा नव्याने फुटतायत. बघून जीव तुटतो. अशा परिस्थितीत ट्रकचं नाव काढणं म्हणजे पाप आहे. मोरिवाकीला सांग, तूर्त दुसरा माल बघ.

मी एकटीने किती लक्ष देणार? तूच ये आणि बघ. तुझी नजर ओमियाची.

शेडचं छप्पर आता तीन ठिकाणी गळतं.

किनुए


ओमिया, ११ एप्रिल १९८६

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून फार काळजी वाटली. दुखणं गंभीर दिसतंय.

खरं सांगायचं, तर मागच्या महिन्यात मी आलो होतो, तेव्हा तू चहा टाकायला आत गेलीस आणि मी गुपचूप झाडावर हात फिरवला. खालून वरपर्यंत, मागूनसुद्धा. मला पाला मऊ लागला. इतका मऊ की मी तिथेच बसून राहिलो, आणि तू चहा घेऊन आलीस तेव्हा डोळ्यांत धूळ गेली असं सांगितलं. पण आयुष्यभर तांब्याच्या तारा वळून माझी बोटं राठ झाली आहेत, त्यांना काय कळणार? तू रोज बघतेस. तू म्हणतेस काटे आहेत, म्हणजे आहेतच.

मोरिवाकीला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "मास्तर, मी गेल्या आठवड्यात किनाशीला होतो, झाड तर..." मी त्याला म्हणालो, "तू कुंड्या वाहतोस, तू कुंड्या वाहा."

पुढच्या शनिवारी येतो. मे महिन्यात पुन्हा यावं लागेल, आणि ओबोनला तर यायलाच हवं. हे दुखणं चिवट असतं, यात हयगय करून चालत नाही. तू पाणी घाल, पेंड घाल, ऊन दाखव. पण ताई, एवढं सांभाळ, त्याला इतक्यात बरं होऊ देऊ नकोस.

तुझा,
ताम्या